जर्दाळूवरचा डाग

पहिल्यांदा दिसलं ते जर्दाळूवर.
अर्धा खाऊन बशीत ठेवला, तर चाव्याच्या कडेला
लाल रेघ, सुईनं ओढल्यासारखी.
फारच पिकलाय, म्हणाला हमायाक
आणि उरलेला तोंडात टाकला.

मग पावावर. मग उशीच्या अभ्र्यावर.
मग दुदुकच्या जिभलीवर,
जर्दाळूच्याच लाकडाचा त्याचा तो दुदुक,
चाळीस वर्षं जिला नुसती थुंकी माहीत.
त्यानं जिभली बदलली.
दुखत नव्हतं ना.
दुखलं असतं तर तेव्हाच आला असता.

आला तो सूर घसरल्यावर.
खालचे दोन दात ओठाआड डुलत होते,
खर्ज धरायला गेला की वारा निसटायचा.
ग्युमरीत माझा दवाखाना वरच्या मजल्यावर,
तो जिना चढला आणि दारातच म्हणाला,
'अर्पिने, काढायचे नाहीत.'

मी हिरडीच्या कडेनं सळई उतरवत गेले:
तीन, तीन, चार, सात.
आठ.
'किडलेत?'
एकही नाही. अक्रोड फोडतील असे दात आहेत.
खालची जमीन गेलीय.

मुळाशी खरवडलेलं टिपूस काचेवर घेतलं,
दिवा लावला, पडद्यावर दाखवलं त्याला:
काड्या, मणी, नागमोडी धागे
एकमेकांना रेटत, गिरक्या घेत.
'कुणाच्या लग्नातली वरात ही?'
तुझ्याच तोंडातली.
रोज थोडी साय धरते, दाताला दिसत नाही.
घासली नाही की तिचा चुना होतो,
चुन्यावर पुन्हा साय.
त्यांना हुसकायला रक्त धावून येतं,
आणि त्या धुमश्चक्रीत हाड झिजतं,
शत्रूच्या हातानं कमी, आपल्याच जास्त.
घर फिरलं की वासे फिरतात तसं.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत होता.
'अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात
आमची इमारत उभीच होती. तडा नाही.
बोटभर कलली होती, एवढंच.
आई म्हणाली, काही होत नाही, राहू या.'
पुढचं बोलला नाही.
त्या आठवड्यात हा रोज वाजवत होता, स्मशानात,
एवढं सगळ्या गावाला माहीत आहे.

दोन तास खरवडलं. ताटलीत पडलेला
काळपट खडा त्यानं चिमटीत धरला, हुंगला.
'म्हणजे हेच फुंकत होतो मी
लोकांच्या मढ्यांवर?'
आणि हसला, कापूस लाल होईपर्यंत.

बारीक ब्रश कसा धरायचा ते शिकवावं लागलं नाही.
जिभली साफ करतात तसा,
तिरका, हलका, फटीफटीतून.
एक दात तरीही गेला.

काल पिशवीभर जर्दाळू घेऊन आला.
माझ्यासमोर एक चावला,
न गिळताच खिडकीपाशी गेला
आणि उरलेला अर्धा
उजेडात धरला.
मीही उठले बघायला.