चंदीवाले

शिरढोणकर, तुमच्या स्मरणिकेत अर्धं पान
आमच्या आडनावावर, म्हणता?
घ्या लिहून. चहा आधी प्या, गार होऊन राहिलाय.

पहिलं हे की चांदी नाही. चंदी.
घोड्याला घालतात ती. भिजवलेले हरभरे.
लष्करात छावणी पडली तेव्हा आमच्यातला कुणी
दिवेलागणीला पागेत मापटं घेऊन उभा राहायचा.
घोड्यामागे दोन मापटी, आजारी असेल तर एक.
एवढंच कर्तृत्व.
घोडे गेले, मापटं कुणी मोडीत घातलं, आडनाव राहिलं,
आणि सराफ्यातला जो तो दुकानदार
न विचारता त्यावर एक काना चढवत आला.

आता तुमची मोठी माणसं.
हॉकीचे गोलकीपर दत्ताराम.
त्यांनी गुडघ्यावर अडवलेला चेंडू लोक अजून सांगतात,
पुढं तीस वर्षं जिना बसून उतरले, ते नाही सांगत.
डॉक्टर नीळकंठ, मोतीबिंदूवाले.
अर्ध्या दौलतगंजाला दिसतं ते त्यांच्या हातामुळे.
शंभूबुवा. तिलवाड्यात गायचे, उधारीत राहायचे.
आणि ते न्यायाधीश,
ज्यांनी सख्ख्या मेव्हण्याला दंड केला,
सायकलला दिवा नव्हता म्हणून.
नाव विसरले. मेव्हण्याचं आठवतं, यशवंत.

यांच्यात नातं? नसावं.
कुणाच्या लग्नात गाठ पडली
तर एकमेकांना गोत्र विचारायचे.

आमच्या दारात लोक विचारत, यातले तुम्ही कोणते?
बाबा वीज मंडळात मीटर वाचायचे.
चष्मा पुसत म्हणायचे,
उरलेले.

मीसुद्धा होते की. बावीस वर्षं.
शाळेच्या हजेरीत, वाचनालयाच्या कार्डावर,
कंपूच्या मैदानात खो-खोच्या पाटीवर खडूनं.
मग ताटभर तांदळात अंगठीनं
नवं नाव लिहिलं गेलं,
जुन्याला वेगळं पुसावं लागलं नाही.
तेच तांदूळ दुसऱ्या दिवशी कुकरला लावले सासूबाईंनी.
चांगले होते. जुने, मोकळे शिजणारे.

आता ते आडनाव कुठं चालतं, सांगू?
मुलाच्या बँकेत.
पासवर्ड विसरला की यंत्र त्याला विचारतं,
आईचं माहेरचं आडनाव काय?
तो इंग्रजीत टाईप करतो. तिथं काना दिसत नाही,
चंदी काय, चांदी काय, एकच.
आणि उघडतं.
दत्तारामांनी अडवलं असतं, हे उघडतं.

हे मात्र छापू नका.
गुप्त ठेवायचं असतं म्हणे,
आणि मी पडले बोलकी.

फोटो? बाबांचा एक आहे, मीटरसमोर,
पण त्यात नीट दिसतो तो मीटरच.
न्या हवा तर.
प्रुफं तेवढी मला दाखवा.
तुमचा कंपोझिटर इथलाच ना?
मग तो काना चढवणार.