अडीच दात

चुबुतच्या पठारावर वारा कधी बसत नाही,
माणसंच बसतात, त्याच्याकडे पाठ करून.
एउफेमिया कुरिकेओनं चुलीमागच्या डब्यातून काढून दिला
जबड्याचा तुकडा. अडीच दात.
मेंढ्यांमागे फिरताना सापडला, म्हणाली,
पोरं त्यानं अक्रोड फोडायची.

मी तिला चित्र दाखवलं:
अडीच दात काळ्या शाईत,
बाकीचं जनावर तुटक रेघांत,
मान, खूर, शेपूट,
आणि एक कान, मागे वळलेला.

"कान कुणी सांगितला?"
कुणीच नाही. अंदाज.

तिनं दातांवरून अंगठा फिरवला,
बाजारात फिरवतात तसा.
"जुळलेली होती. चांगली म्हातारी.
हा हिरडीपर्यंत झिजलाय,
आणि हा बघ, कोराच.
वरचा जोडीदार आधीच पडला असणार.
असली मेंढी हिवाळा काढत नाही."

वारा पत्र्यावर वाळू पाखडत होता.
मी वहीत लिहिलं: डावा खालचा जबडा, अपूर्ण.
पुढं काही सुचेना. पेन उघडंच राहिलं.

ती येर्बासाठी पाणी ठेवायला उठली,
जाता जाता पुन्हा चित्राकडे वाकली.
"राहू दे कान," म्हणाली,
"एवढा वारा, ऐकला तर असेलच तिनं."