फळ्यांवर उतरून चालावे

साडेपाचला बाळप्पा तळ्याचं फाटक उघडतो,
तेव्हा बदकं झोपेत असतात
आणि किटलीचं झाकण नुकतं थरथरायला लागलेलं.
आम्ही वडगावहून येतो. हे पुढं, हात पाठीमागं बांधून,
मी मागं, ह्यांची सायकल ढकलत.

ह्याच सायकलवर साड्यांचं गाठोडं बांधून
हे शहापूरच्या पेढीवर जायचे, पस्तीस वर्षं.
आता गुडघा वाकत नाही. सायकल मात्र वाकते,
माझ्या हातात आली की डावीकडंच.

साठीला शिकायलेय.
शिकवणारीचं वय दहा.
मल्लव्वा वाट झाडते, तिची भाग्या
कॅरियर धरून माझ्यामागं पळते
आणि ओरडते, निधान, अज्जी, निधान!
पायडल जोरात मार म्हणायचं असलं
तरी तेच ओरडते.
शब्द एकच. आवाजावरनं ओळखायचं.
बदकांचं तसंच. चोचीवरच्या पिवळ्या-लालावरनं
आम्ही त्यांना हळदीकुंकू म्हणतो,
तिच्याकडं सगळ्यांनाच एक नाव: हक्की.

फरशीची वाट बरी. लाल, गुळगुळीत,
दर शंभर मीटरला पांढरा आकडा.
आठशेपाशी करंज आहे,
त्याची फुलं पडलेली असली की चाक
चुरमुऱ्यांवरनं गेल्यासारखं जातं.

पुढं दलदल.
दलदलीवर फळ्या,
आणि फळ्यांच्या तोंडाशी पाटी, वर कन्नड, खाली इंग्रजी.
हे अक्षर अक्षर जुळवत बसले.
भाग्यानं एका दमात वाचलं: इळिदु नडेयिरि.
मग माझ्यासाठी: उतरून चाला म्हणे.

आमच्यात 'म्हणे' लागलं
की ते पाळायलाच पाहिजे असं नसतं.

आणि खरं सांगायचं तर ब्रेक मला अजून शिकवला नव्हता.

खट.
मग खटक.
मग खटक-खटक, खटक-खटक,
सीटमधनं कण्यात, कण्यातनं दाढेत.
तीस वर्षं मागाशेजारी बसून मी कांड्या भरल्या,
डाव्या कानानं तेव्हाच राजीनामा दिलेला.
माग गेला किलोच्या भावानं.
धोटा तेवढा मी पदराखाली लपवला,
त्यात आता उदबत्त्या असतात.
तेव्हापासून घरात इतकं शांत
की फ्रिज खोकला तरी हे विचारतात, कोण आलं?

खटक-खटक, खटक-खटक,
दोन्ही अंगांना पाणी ताण्यासारखं ताणलेलं
आणि मधनं मी, धोट्यागत,
पदर खोचलेला, तोंड उघडं,
जांभळ्या पाणकोंबड्या लांब बोटांनी
लव्हाळ्यात पळायलेल्या,
मागनं भाग्याचा आवाज, निधान, निधान,
आणि ह्या खेपेला तो खरंच
हळू ह्या अर्थाचा होता, हे कळेपर्यंत
पलीकडचा काठ आला.

धोट्याला पलीकडनं कुणीतरी परत फेकतं.
मला पाणकणसांनी धरलं.

बाळप्पाची शिट्टी. दोन भाषांत शिव्या,
त्यातल्या बऱ्याच दोन्हीकडं सारख्याच.
भाग्या हसू दाबत चेन बसवायला लागली,
बोटं काळी करून.
हे आले सगळ्यांत शेवटी, आपल्या चालीनं,
ओठ हलवत, मोजत.
दोनशे चौदा, म्हणाले.
सत्तावन्नावी ढिली आहे.
तुटका धागा त्यांना असाच सापडायचा,
कापडाकडं न बघता, नुसत्या पायाला.

मग पुढचं चाक फिरवून पाहिलं.
मग माझं कोपर.
लागलं का?
ऐकू आलं, मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत.
माझ्या केसांतली कणसाची म्हातारी काढली,
फुंकर मारली, ती पाण्यावर गेली.

परत येताना उतरून चालले,
पाटीत लिहिलंय तशी, सायकल हातात धरून.
सत्तावन्नावर थांबले.
बाळप्पा बघत नाही असं पाहून
तिच्यावर दोनदा पाय दिला.