ओंजळ

त्या वर्षी जिनिंगच्या आवारात
कापसाच्या गाठी रचून रंगमंच केला होता.
चैत्रातली रात्र, धरणगाव अजून तव्यासारखं,
गॅसबत्तीभोवती पाखरं,
आणि मी विंगेत, मांडीवर वही.
सगळ्यांचे शब्द माझ्याकडे ठेवायला दिलेले.

राजा वेडू आप्पा, दाढी डिंकानं चिकटवलेली.
सूड घेणारा तोताराम.
खंजीर पत्र्याचा, वरून बेगड.

गावाला ठाऊक होतं, गाव बोलत नव्हतं:
तोतारामचा बाप याच आवारात
मशीनच्या पोटात वाकलेला असताना
पट्टा कुणी चढवला.
कोर्टात आप्पाची साक्ष चार शब्दांची,
"मी नव्हतो तिथं, साहेब."
भूमिका मास्तरांनी वाटल्या. मुद्दाम?
विचारायचं राहिलं, आता मास्तरही नाहीत.

तिसरा अंक. शिकारीतून आलेला राजा पाणी मागतो,
वाकतो, ओंजळ तोंडाला लावतो.
हात गुंतलेले, मान उघडी.
इथं वार.
तालमीत तांब्या रिकामाच असायचा.

त्या रात्री धार पडली.
आप्पा दचकला, मग प्यायला लागला,
खरंच तहानलेला होता.
घोट गळ्यातून उतरताना मला दिसत होते,
तोतारामला माझ्यापेक्षा जवळून.

"घे, माझ्या बापाचं देणं घे!"
हे वाक्य माझ्या ओठांवर होतं.
मी दिलं नाही.
एवढंच माझं काम, तेही केलं नाही.
पहिल्या रांगेत त्याची आई, पदराचं टोक दातात.

पाण्यावर आलेलं जनावर मारू नये,
हे त्याला बापानंच शिकवलेलं,
केळीच्या बागेत, हातात ताणलेली गोफण असताना.

तांब्या सरला. ओंजळ तशीच.
मान न वळवता आप्पा पुटपुटला,
राजाच्या भाषेत नाही, आमच्या:
"पानी सरनं, भो. आते मार."

खंजीर कमरेलाच राहिला.
मग राजा आपणहून पडला.
आधी गुडघे, मग ओले हात,
मग दाढी फळीवर, अर्धी सुटलेली.
टाळ्या, शिट्ट्या. लोक म्हणाले, काय मेला आप्पा!
फक्त त्याची आई उठून गेली,
चपला हातात घेऊन.

पुढं दोघं बोलले का, माहीत नाही.
माफ केलं, असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेत नाही.

वही अजून माझ्याकडे आहे.
त्या ओळीशेजारी, समासात, पेन्सिलीनं:
इथे तांब्या भरलेला हवा.
अक्षर माझं नाही.
मी ते खोडलंही नाही.