उतारू

गाडी मी चालवते,
ब्रेक अण्णा दाबतात.
डावीकडच्या सीटसमोर, रबरी मॅटवर,
जिथं ब्रेक नाहीच,
तिथं त्यांचा उजवा पाय
पुढच्या ट्रकचा लाल दिवा लागला की खाली जातो.
एकतीस वर्षं गुहागर डेपो.
पाय अजून ड्युटीवर आहे.

कल्याणहून तीनला निघू, म्हटलं होतं,
रस्ता मोकळा मिळेल.
"मोकळा रस्ताच झोपवतो, बाय."
म्हणून साडेपाच.
टायर गार असताना हवा मोजून घेतली.
पंपावरच्या पोराचा आकडा त्यांना पटेना,
वाकून अंगठा दाबला टायरवर,
मग कुठे पोराचा आकडा बरोबर ठरला.

माझ्या कमरेमागे त्यांनी
जुन्या सोलापुरी चादरीची घडी सारली.
पायाशी ठेवलेली बाटली उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.
"पाण्याची बाटली पायाशी नको.
घरंगळत ब्रेकखाली गेली की..."
हे वाक्य ते कधी पुरं करत नाहीत.
पेण गेलं, माणगाव गेलं,
बाटली मांडीवरच.

दर दोन तासांनी थांबायचं,
भूक नसली तरी, लागली नसली तरी.
महाडपुढच्या टपरीवर मी चहा घेतला.
त्यांनी गाडीला एक फेरी घातली,
देवळाला घालतात तशी,
फक्त डोळे उघडे
आणि नजर चाकांवर.

मग कशेडीचा बोगदा.
आता घाट चढावा लागत नाही.
पिवळे दिवे काचेवरून सरकत होते
आणि अण्णा समोर बघत नव्हते,
गाडीच्या टपाकडे बघत होते.
"खेतल्याचं वळण
आता आपल्या डोक्यावर आलं असेल."

मी रेडिओ बंद केला.

शांताराम खेतले. रात्रीची बोरिवली.
सलग दुसरी ड्युटी, कारण ओव्हरटाइम,
कारण बहिणीचं लग्न.
मला एवढंच माहीत आहे.
आणि हे, की दुसऱ्या रात्री
तीच फेरी घेऊन अण्णा
त्याच वळणावरून उतरले, पहिल्या गिअरमध्ये,
आणि मागे पन्नास माणसं ओरडत होती,
उशीर होतोय, उशीर होतोय.

खेडला फाटा धरला. दापोलीत
सुरूची झाडं दिसल्यावर त्यांनी
खिशातून आलेपाकाची वडी काढली,
अर्धी मला दिली, काही बोलले नाहीत.

दाभोळच्या जेटीवर ऊन चढलं होतं.
पुढे बर्फाचा टेम्पो, दोन बुलेट,
टोपल्या घेऊन बसलेल्या चार बायका.
फेरीबोटीवरच्या पोरानं
ये ये ये, बस्स, करत
मला टेम्पोच्या मागे वीतभर जागेत बसवलं.
"हँडब्रेक?"
ओढला.
"गिअर?"
टाकला.
लोखंडी फळी करकरत वर गेली.
किल्ली माझ्या हातात, इंजिन बंद,
तरी दाभोळ मागे मागे जात होतं.
टेम्पोतून बर्फाचं पाणी
आमच्या चाकांपर्यंत आलं, थांबलं, परत गेलं.

काहीतरी सांगायला वळले
तर अण्णा झोपलेले.
तोंड किंचित उघडं,
बाटली मांडीवर आडवी,
आणि मॅटवरचा तो पाय
सैल, बाहेरच्या बाजूला कलंडलेला.
कुणीच चालवत नाही म्हटल्यावर
एकदाचा उतारूचा पाय झालेला.

मी काच चार बोटं खाली केली.
खाडी केवढीशी ती.
आज ती थोडी रुंद असती तर चाललं असतं.

धोपाव्याला फळी पडली तेव्हाही जाग नाही.
टेम्पो गेला, बुलेटी गेल्या,
पोरगा बॉनेटवर थापा मारायला आला,
आत बघितलं, आणि नुसता हात हलवला.
पहिल्या गिअरमध्ये, इतकी हळू
की मागचा जीपवाला हॉर्नवरून हात काढेना,
मी चढ चढले.
फळी संपते तिथं दणका बसतोच.
तिथं ब्रेक दाबला गेला
एकाच पायानं.
माझ्या.