सशाला विचार

ससेक्सच्या बाजूला काटेरी कुंपणातून
एखादा ससा रोज एकाच ठिकाणाहून जातो-येतो,
आणि जाऊन-येऊन हिरव्यात
त्याच्या अंगाच्या मापाची जी वाट पडते
तिला तिथली जुनी माणसं म्हणत स्म्यूस.

याला मराठीत काय म्हणू?
भोक म्हणावं, तर बादली गळायला लागते.
बीळ म्हणावं, तर आत कुणीतरी राहतं.
भगदाड म्हटलं की बाहेर फौज उभी,
आणि खिंडीत तर लढावंच लागतं.
स्म्यूसमध्ये कुणी राहत नाही, लढत नाही,
तिथे फक्त एक जाणं असतं,
जाणारा नसतानाही.

असो. गोष्ट उत्तरेची आहे,
जिथे कुंपणं नाहीत, गडगे आहेत,
चुना नाही, माती नाही,
नुसत्या वजनावर एकमेकांना धरून
डोंगरमाथ्यापर्यंत चढलेले दगड.

सन चोपन्न, मार्च. थ्रँगबेकच्या वाडीत
एनिड टॅटरसॉल आली सायकल ढकलत.
पिशवीत तेराशे प्रश्न:
डावखुऱ्याला काय म्हणता,
आटलेल्या गायीला काय,
चुलीतून उडालेल्या ठिणगीला काय.
उत्तर सुचवायचं नाही, हा नियम.
बोट दाखवायचं आणि थांबायचं.

आयझॅक बिर्केटच्या गडग्यापाशी ती वाकली.
तळाशी वीतभर चौकट, वर आडवा दगड,
दगडाच्या कडेला सशाचे चार केस.
"याला काय म्हणता?"
"भोक."
ती थांबली. वारा आला, वह्या फडफडल्या.
"भोकच आहे ते, बाई."

तिला उत्तर ठाऊक होतं.
ससा जातो ते स्मूट,
वर्षाचं मेंढरू जातं ते हॉग-होल,
मागच्या बारा वाड्यांचा हाच हिशेब.
तिला हेही ठाऊक होतं की आरपार भोकाला
थर्ल असा एक फार जुना शब्द होता,
तो आता नाकात राहतो, नॉस्ट्रिल होऊन,
आणि अंगातून गेला की थ्रिल.
पण सुचवायचं नाही.
ती पेन्सिलीला टोक काढत बसली.

आयझॅकनं टोपी मागे सारली.
"बायको माझी खाडीपलीकडची. गॅलोवेची.
ससा जावो, मेंढरू जावो, पाणी जावो,
तिला सगळंच लंकी.
एकतीस वर्षं सांगतोय, अगं ग्रिझेल,
हे स्मूट. ते हॉग-होल. माप बघ जरा.
ती म्हणायची, सशाला विचार."

म्हणायची.
एनिडनं तो काळ ऐकला, लिहिला नाही,
क्रियापदाचे रकाने पुढच्या पानावर होते.

"मग काय लिहू, मिस्टर बिर्केट?"
"लिहा लंकी."
"या वाडीत म्हणतात?"
त्यानं आजूबाजूला पाहिलं.
अंगणात एक कुत्रा होता,
आणि सकाळपासून उघडंच राहिलेलं फाटक.
"आम्ही म्हणतो," तो म्हणाला.

बाहेरून आलेल्यांचे शब्द धरायचे नाहीत,
हाही नियम होता. नववा.
तिनं कार्डावर लिहिलं, खाली तारीख घातली,
आणि चहा आहे का, म्हणून विचारलं.

पुढे नकाशा छापून आला.
सगळ्या खोऱ्यात स्मूटचे गोल ठिपके,
आणि ऐन मध्यभागी एकच त्रिकोण.
विद्वान त्यावर अडले.
कुणी म्हणालं, जुन्या वसाहतीचा अवशेष,
कुणी म्हणालं, लोकरीचा व्यापार;
एकानं अकरा पानं लिहिली, तळटीपांसकट.
एनिड तोवर निवृत्त झाली होती,
तिनं ती वाचली, आणि काही कळवलं नाही.

माझ्या वहीत स्म्यूससमोरची जागा
बरेच दिवस रिकामी होती.
भोक खोडलं होतं, बीळ खोडलं होतं.
काल तिथं पेन्सिलीनं लिहिलं: लंकी.
मराठीत नाही म्हणतात कुणी.
आम्ही म्हणतो.