दुसरा झोन

दोंडाईच्याबाहेर, वाळत घातलेल्या मिरचीचा लाल पट्टा संपतो
तिथून आमचं दोनशेवीस केव्हीचं आवार सुरू.
वारा तिकडून आला
की रात्रपाळीत मीटरांनाही ठसका लागेल असं वाटतं.

सतरा वर्षं मी या काचेसमोर बसतो.
काचेआड रिले.
त्याचं काम बघत राहणं:
व्होल्टेजला करंटने भागून
अंतर काढत राहणं, विनाकारण, वर्षानुवर्षं.
अंतर आक्रसलं
की समजायचं, कुठंतरी तारेला जमीन भेटली.

पहिला झोन आपला. तिथं विचारायचं नाही, तोडायचं.
पण तोही लाईनच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच.
आपली हद्द नेमकी कुठं संपते
याची आपल्यालाही खात्री नसते.
त्यापुढं दुसरा झोन, शेजाऱ्याच्या वावरापर्यंत.
तिथं आग दिसली तरी थांबायचं
तीनशे मिलिसेकंद.
ज्याचं घर, त्याला आधी उठू द्यायचं.

सुपडूदादा दर सोमवारी बॅटरी रूममध्ये.
पंचावन्न सेल, हायड्रोमीटर, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन,
आणि ॲसिडनं भोकं पडलेली तीच खाकी पँट.
मी एकदा म्हटलं, इतकं काय जपता?
"वीज तोडाले बी वीज लागस, भो."

एप्रिल. रात्रीचे दोन अकरा.
पुढच्या सबस्टेशनच्याही पुढं
कुणी बांधावर पऱ्हाट्या पेटवल्या असतील,
धूर तारेपर्यंत चढला.
तिथल्या रिलेनं पाहिलं, हुकूमही दिला.
ब्रेकर हलला नाही.

आमचा मोजत होता.
शंभर.
दोनशे.
(एवढ्यात पापणीही मिटून होत नाही.)
तीनशे, आणि आवारात बार उडाला,
कुत्री एकदम भुंकायला लागली,
शिरपूरकडचं आभाळ विझलं.

मग फोन. वरून, खालून, साहेबांचा, साहेबांच्या साहेबांचा.
फॉल्ट तिकडं, तुमची लाईन का पडली?
मी फ्लॅग वाचून दाखवला: झोन दोन, आर फेज, जमीन.
पुन्हा वाचून दाखवला.

शेवटी पुढच्या सबस्टेशनवरून वळवी.
नवीन पोरगा. नंदुरबारकडचा. लग्न ठरलेलं.
बराच वेळ नुसता श्वास.
"दादा, बॅटरी बसली होती.
दोन सोमवार पाणी नाही टाकलं."

मी म्हटलं, बरं.

नोंदवहीत वेळ लिहिली, लाईनचं नाव लिहिलं.
कारणाचा रकाना आला तेव्हा
पेनाचं टोपण लावलं.
लाईन चार वाजता परत घेतली.
सुपडूदादानं चहा टाकला, काही विचारलं नाही,
वहीकडं मात्र एकदा पाहिलं.

सहाला पाच कमी असताना वळवीचा फोन:
"लिहिलं मी. माझ्या नावानं.
आता तुम्ही लिहा."